आरोस वेर्दे: मेक्सिकोचा मोकळा हिरवा भात

मेक्सिकन भात म्हटलं की टोमॅटोचा लालसर भात आठवतो. त्याच्या शेजारी तिथल्या घरांत एक हिरवा भातही असतो. त्याला ‘आरोस वेर्दे’ म्हणतात, म्हणजे शब्दशः हिरवा भातच. भाजलेली पोब्लानो मिरची, कोथिंबीर आणि पार्सली यांच्या वाटणात तो शिजतो. पहिल्या खेपेला तो गिच्च होण्याची भीती असते, कारण वाटणातलं पाणी मोजायचं राहून जातं.

साहित्य (तिघा-चौघांसाठी)

- लांब दाण्याचा तांदूळ १ कप (सुमारे २०० ग्रॅम)
- पोब्लानो मिरची १ मोठी
- कोथिंबीर कोवळ्या देठांसकट, दाबून भरून अर्धा कप
- पार्सलीची पानं पाव कप
- पांढरा कांदा पाव, लसणीची १ पाकळी
- भाजीचा किंवा चिकनचा स्टॉक (ते उकळून गाळलेलं पाणी), सुमारे दीड कप
- तेल २ मोठे चमचे, मीठ पाऊण छोटा चमचा (स्टॉक खारट असेल तर कमी)
- वरून घालायला चिरलेली कोथिंबीर २ मोठे चमचे

पोब्लानोचं नाव पुएब्ला या राज्यावरून आलं आहे. ही मिरची सौम्य असते, पण एखादी अचानक तिखट निघते, म्हणून वाटण्याआधी कणभर चाखून बघावी. ती मिळाली नाही तर एक ढोबळी मिरची आणि एक हिरवी मिरची घ्या. चव थोडी बदलेल, पण भात बिघडणार नाही. जिरे मात्र घालू नका. जिऱ्याचा वास टेक्सासकडच्या भाताचा आहे, मेक्सिकोतल्या घरगुती भातात सहसा तो नसतो.

तांदूळ आणि वाटण

तांदूळ तीन-चार पाण्यांनी, पाणी जवळपास नितळ येईपर्यंत धुवा आणि चाळणीत २० मिनिटं निथळत ठेवा. इथे घाई नडते. ओला तांदूळ गरम तेलात पडला की परतला जाण्याऐवजी वाफेवर शिजू लागतो, दाणे एकमेकांना आणि भांड्याला चिकटतात.

तेवढ्या वेळात मिरची थेट आचेवर फिरवत सगळीकडून काळी होईपर्यंत भाजा. मग वाटीत घालून १० मिनिटं झाकून ठेवा म्हणजे साल सुटतं. साल बोटांनीच काढा. नळाखाली धरलीत तर भाजल्याची चव पाण्याबरोबर वाहून जाते. बिया आणि आतल्या शिरा काढून मिरची, कांदा, लसूण, कोथिंबीर, पार्सली आणि अर्धा कप स्टॉक अगदी बारीक वाटा.

आता हे वाटण मापाच्या कपात ओता. ते साधारण पाऊण ते एक कप भरतं. वाटण आणि राहिलेला स्टॉक मिळून एकूण २ कप व्हायला हवेत, त्याहून जास्त नाही. बासमती वापरत असाल तर पावणेदोन कप पुरेत. उरलेला स्टॉक उकळत ठेवा.

परतणं आणि शिजवणं

जाड बुडाचं, रुंद, घट्ट झाकणाचं भांडं घ्या. अरुंद भांड्यात तळचा भात दबून मऊ होतो आणि वरचा कच्चा राहतो. तेल तापवून मध्यम आचेवर तांदूळ ५ ते ७ मिनिटं परता. आधी दाणे अर्धपारदर्शक दिसतात, मग दुधासारखे पांढरे होतात आणि हलवताना कोरड्या वाळूसारखे सळसळतात. तो आवाज आला की पुरे. लाल भातासाठी यापुढे सोनेरी होईपर्यंत परततात. इथे तसं केलंत तर हिरवा रंग मातकट होईल. मेक्सिकोत कित्येक जण भरपूर तेलात तांदूळ परततात आणि मग जास्तीचं तेल निथळून टाकतात. परतताना प्रत्येक दाण्याला तेलाचा पातळ थर बसतो, म्हणूनच भात फडफडीत राहतो.

वाटण घालून २ मिनिटं ढवळा, कच्चा वास जाईल. उकळता स्टॉक आणि मीठ घाला, एकदाच नीट ढवळा आणि पाणी चाखा. ते किंचित खारट लागायला हवं, शिजल्यावर बरोबर होतं. उकळी आली की झाकण लावा, आच अगदी मंद करा आणि १५ मिनिटं हात लावू नका. ढवळलंत तर दाणे मोडून स्टार्च सुटतो, भाताचा चिखल होतो. आच बंद करून आणखी १० मिनिटं झाकूनच मुरू द्या. या वेळात वरचा आणि तळचा ओलावा सारखा होतो. मग काट्याने कडेकडून हलकेच मोकळा करा आणि राखलेली कोथिंबीर मिसळा.

तिखटाचा नुसता सुगंध हवा असेल तर झाकण लावण्यापूर्वी एक अख्खी सेरानो (लहान, तिखट मेक्सिकन हिरवी) मिरची, चीर न देता, वर ठेवा.

बिघडलंच तर

दाण्याचा गाभा कच्चा राहिला तर २-३ चमचे उकळतं पाणी शिंपडून पुन्हा ५ मिनिटं मंद आचेवर झाका. भात ओलसर वाटला तर झाकणाखाली स्वच्छ कापड बांधून १० मिनिटं तसाच ठेवा, कापड वाफ शोषून घेतं. खाली लागला असेल तर तळ खरवडू नका, वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढा.

रंग थोडा शेवाळी होणारच, कारण उष्णतेने हरितद्रव्य बदलतं. आम्लाने ते आणखी लवकर बदलतं, म्हणून लिंबू ताटात पिळावं, भांड्यात नाही. रंगासाठी खायचा सोडा घालण्याचा मोह आवरा. त्याने रंग टिकतो, पण दाणा लिबलिबीत होतो आणि चव साबणासारखी लागते.

मेक्सिकोत हा भात पातळ सूपनंतर, मुख्य पदार्थाच्या आधी वेगळा वाढण्याची जुनी पद्धत आहे. त्या वाढपाचं नाव ‘सोपा सेका’, म्हणजे कोरडं सूप!