सुतळी, शाडू आणि वाळूच्या पुड्या: सहावीला प्राचीन संस्कृती शिकवण्याआधी

पाठ सोमवारी सुरू होणार असेल तर आधीच्या शनिवारी सुतळी आणा, १० मीटर. एका मीटरला ५०० वर्षं धरायची आणि एक टोक म्हणजे आजचा दिवस. तिथून ७० सेंटिमीटरवर शिवरायांचा राज्याभिषेक येतो, ४ मीटर १० सेंटिमीटरच्या आसपास क्लिओपात्राचा मृत्यू, साडेसात मीटरवर बॅबिलोनचा राजा हम्मुराबी, आणि ९ मीटर ओलांडल्यावर इजिप्तच्या खुफू राजाचा पिरॅमिड. त्याच्या जवळच मोहेंजोदडो. वर्गात एवढी लांबी मावत नाही, म्हणून व्हरांडा मोकळा मिळेल असा तास बघून ठेवा. कपड्यांचे चिमटे आणि नावांच्या चिठ्ठ्या न्या, पण आधीच लावून नेऊ नका. क्लिओपात्रा पिरॅमिडपेक्षा आपल्याला जवळची आहे हे पोरांनी स्वतः मोजून काढलं की पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला बोलावं लागत नाही. इसवी सनपूर्व वर्षं उलटी का मोजतात इथे हमखास गाडी अडते, तेव्हा ऋण संख्या झाल्यात का हे गणिताच्या बाईंना आधीच विचारा. संख्यारेषा फळ्यावर काढली की निम्मं काम होतं. फक्त मधे शून्य साल नाही, हे सांगायला विसरू नका.

नकाशा कोराच हवा, नाईलपासून सिंधूपर्यंतचा, दोघांत एक अशा झेरॉक्स. आधी नद्या निळ्या करून घ्यायच्या: नाईल, युफ्रेटिस, टायग्रिस, सिंधू. शहरं नंतर. मोहेंजोदडो पाकिस्तानात कसं, हा प्रश्न येणारच. १९२० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा फाळणी झालेली नव्हती, एवढं सरळ उत्तर पुरतं.

आता शाडू. गणपतीनंतर मूर्तिकारांकडे उरलेला असतो, मागितला तर देतात. आदल्या संध्याकाळी मळून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सकाळी मळायला बसलात तर तास त्यातच जातो. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या कात्रीनं कापून टोकाला कोपरा येईल असं करा. मेसोपोटेमियातले, म्हणजे आजच्या इराककडचे, लेखनिक बोरूनं मातीवर रेघ ओढत नसत, ठसा उमटवत. मुलं मात्र सवयीनं ओढतात, म्हणून स्वतः घरी दोन-तीन पाट्या करून हात बसवून घ्या. उभी खूण म्हणजे एक, कोपऱ्याची खूण म्हणजे दहा. तेवीस लिहायला दोन कोपरे, तीन उभ्या. एकोणसाठपर्यंत असंच, आणि साठ झाले की पुन्हा उभी एक. घड्याळात साठ मिनिटं कुठून आली, हे एखादी मुलगी स्वतःच ओरडून सांगते. तोवर तुम्ही सांगू नका.

याच तासासाठी एक पत्र सोप्या मराठीत लिहून न्या. इसवी सनपूर्व १७५० च्या सुमारास मेसोपोटेमियातल्या ऊर शहरात नन्नी नावाच्या गिऱ्हाइकानं इआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला मातीच्या पाटीवर तक्रार लिहिली: माल हलका दिला, माझ्या माणसाला अपमान करून परत पाठवलं. ती पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एकाला नन्नी करा, एकाला इआ-नासिर. हम्मुराबीचे २८२ कायदे पाठ करून घेण्यापेक्षा हे भांडण मला जास्त उपयोगी वाटतं. तक्रार लिहायला माती होती म्हणून ती आपल्यापर्यंत आली, हे त्यातूनच निघतं.

हडप्पासाठी ताजवा आणि वाळूच्या पुड्या. तिथली दगडी घनाकृती वजनं दुपटीनं चढत जायची: १, २, ४, ८, १६, ३२, ६४. तुम्ही ५ ग्रॅमपासून ८० ग्रॅमपर्यंत पाचच पुड्या करा आणि ५५ ग्रॅम शेंगदाणे तोलायला सांगा. वाळू ओली नको, वजन फसतं. शेरात सोळा छटाक आणि रुपयात सोळा आणे होते, हे घरी आजोबांना विचारून यायला सांगा. मात्र ते हडप्पाहूनच आलं असं ठोकून देऊ नका. हडप्पाच्या लोकांची लिपी अजून वाचता आलेली नाही, हेही स्पष्ट सांगायचं. मुलांना ते फार आवडतं. दायमाबादच्या कांस्यमूर्तींचं रंगीत चित्र सोबत असू द्या: रथ, हत्ती, गेंडा, रेडा. प्रवरेकाठी १९७४ मध्ये सापडल्या, उत्तर हडप्पा काळातल्या मानतात. दायमाबाद अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात आहे, तिथली मुलं वर्गात असतील तर त्यांचा दिवस असतो.

ममी शेवटच्या तासाला. आधी काढलीत तर बाकीचं कुणी ऐकत नाही. आणि पिरॅमिड परग्रहावरच्यांनी बांधले, असं कुणीतरी यूट्यूबवर पाहून आलेलं असतंच. त्याच्यासाठी मेररची रोजनिशी तयार ठेवा. तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला २०१३ मध्ये मिळालेल्या पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर, या मुकादमानं तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीनं गिझाला, खुफूच्या पिरॅमिडसाठी, नेल्याच्या नोंदी केल्यात. परग्रहवासी हजेरी मांडत नसतील बहुधा.

हात धुवायला बादली वर्गातच ठेवा, बेसिनमध्ये शाडू गेला की तुंबतं. पाट्या वाळायला दोन दिवस लागतात. कोपऱ्यात वर्तमानपत्रावर मांडून शिपाईकाकांना सांगून ठेवा, नाहीतर सकाळी झाडूबरोबर सगळं ऊर शहर बाहेर जातं.