सिंक तुंबलंय? पावडर आणण्याआधी हे करा

सिंकमधलं पाणी उतरेनासं झालं की पहिल्यांदा आठवते ती दुकानातली पाइप साफ करायची पावडर. अशा बहुतेक पावडरींत कॉस्टिक सोडा असतो. तो त्वचा आणि डोळे भाजतो आणि शेवटी सांडपाण्यातच जातो. स्वयंपाकघरातला बोळा मात्र साधा असतो: तेलातुपाचा थर आणि त्याला चिकटलेली शितं, चहाचा चोथा, कणीक. तो काढायला बहुतेक वेळा बादली, गरम पाणी आणि अर्धा तास पुरतो. पावडर आधीच ओतली असेल तर मात्र पुढचं काहीच करू नका. ते पाणी अंगावर उडालं तर इजा होईल. प्लंबरला बोलवा आणि काय ओतलंय तेही सांगा.

पाणी हळूहळू का होईना, उतरत असेल तर गरम पाण्याने सुरुवात करा. साचलेलं पाणी मगाने काढून टाका, जाळीतलं खरकटं उचला. लिटरभर गरम पाण्यात दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा आणि थोडं थोडं करून ओता. हातात रबरी मोजे हवेत, कारण हा सोडा त्वचेला झोंबतो. पाणी उकळतं नको. पीव्हीसी पाइप साधारण 60 अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो आणि सांधे सैल होतात. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा गरम पाणी सोडा. खोबरेल तेल 24 अंशांच्या आसपासच गोठतं, त्यामुळे थंडीत एवढ्यानेही बरंच काम होतं.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. फेस भरपूर येतो, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात आणि उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. वास घालवायला ठीक आहे, घट्ट बोळ्यावर त्याचा भरवसा धरू नका.

पाणी अजिबात हलत नसेल तर रबरी पंप घ्या. त्याची वाटी बुडेल इतकं पाणी सिंकमध्ये ठेवा. दुसरं सिंक जोडलेलं असेल तर त्याचं भोक आणि वरच्या कडेचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने घट्ट बंद करा. ही भोकं उघडी राहिली की हवा तिथूनच निसटते आणि लोक पंपाला दोष देतात. मग पंप न उचलता दहा-पंधरा वेळा वरखाली दाबा आणि एकदम ओढा.

तरीही पाणी अडलं तर सिंकखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे नळीला जोडलेला बाटलीसारखा भाग, उघडा. याला लोक उगाच घाबरतात. खरा गाळ बहुतेकदा इथेच बसलेला असतो. खाली बादली ठेवा आणि तळाची वाटी हाताने डावीकडे फिरवून काढा. जाम असेल तर फडकं गुंडाळून जोर लावा. आतला गाळ ओल्या कचऱ्यात टाका, वाटी आणि आतली नळी जुन्या टूथब्रशने घासा. रबरी वॉशर हरवू देऊ नका. चिरलेला असेल तर नवा घाला. आटे सरळ बसवून हातानेच आवळा, पान्याने प्लास्टिक तडकतं. पाणी सोडून सांध्याखाली कोरडा कागद धरा. तो ओला झाला तर वॉशर नीट बसलेला नाही. ट्रॅपमध्ये थोडं पाणी राहणारच, त्यानेच गटाराचा वास आणि झुरळं अडतात.

ट्रॅप स्वच्छ असूनही पाणी तुंबतंय? मग सिंकची नळी जमिनीतल्या ज्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळी असलेल्या सांडपाण्याच्या खळग्यात, जाते, त्याची जाळी उचलून तिथला गाळ काढा. पाणी तिथूनच उलटं वर येत असेल, किंवा खालच्या-वरच्या मजल्यावरही हीच तक्रार असेल, तर बोळा इमारतीच्या सामाईक पाइपात आहे. ते काम सोसायटीला कळवून प्लंबरकडूनच करून घ्या.

एकदा मोकळं झालं की तळणीचं तेल कधीच सिंकमध्ये ओतू नका. कढई आणि तुपाची भांडी घासण्याआधी वर्तमानपत्राने पुसून घ्या, चहाचा चोथा कुंडीत टाका.