धावत्या गाडीतलं रडार: कोनाच्या या चुका टाळा

‘कोन पडला की रडार वेग कमीच दाखवतं, म्हणजे फायदा चालकाचाच.’ पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारबद्दलचं हे पाठ झालेलं वाक्य उभ्या रडारपुरतं खरं आहे. रस्त्याकडेला थांबून, गाडीच्या दिशेशी २० अंशांच्या कोनातून मोजलं, तर ताशी १०० किमीची गाडी ९४ ची दिसते, कारण २० अंशांचा कोसाइन ०.९४ आहे. तोच नियम धावत्या गस्तीगाडीला डोळे झाकून लावणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

धावत्या गाडीतलं रडार दोन वेग मोजतं. एक, समोरून येणारी गाडी आणि आपण मिळून जवळ येण्याचा वेग. दुसरा, रस्ता आणि आसपासच्या स्थिर वस्तूंवरून परतलेल्या लहरींतून काढलेला स्वतःचा वेग. पहिल्यातून दुसरा वजा केला की समोरच्याचा वेग मिळतो. मग वजा करायचा आकडाच कमी भरला तर? समजा, गस्तीगाडी १०० वर, समोरची ९० वर; एकत्रित १९०. बाजूच्या मोठ्या पाटीवरून लहर २० अंशांतून परतली, तर स्वतःचा वेग ९४ नोंदला जातो आणि समोरच्याच्या नावावर ९६ लागतात. फुकटचे सहा!

पुढे ताशी १० किमीने रांगणारा ट्रक असेल, तर रडार त्यालाच स्थिर धरून बसू शकतं. स्वतःचा वेग ९० दिसतो, समोरचा १००. यात कोनाचा दोष नाही, पण खापर बरेचदा त्याच्यावर फुटतं.

दोन्हीवर इलाज एकच: रडारवरचा स्वतःचा वेग त्याच क्षणी स्पीडोमीटरशी जुळवा; तो स्पीडोमीटर मात्र आधी तपासून घेतलेला हवा. नंतर आठवून नव्हे. जुळला नाही, तर ते मोजमाप सोडून द्या.

गाडी अगदी जवळ येईपर्यंत थांबणं हीसुद्धा चूकच, फक्त उलट्या बाजूची. कोन ३० अंशांवर गेला की १९० चे १६४.५ होतात आणि ९० ची गाडी ६४.५ वर उतरते. सरळ रस्त्यावर, लांबूनच मोजा.

ट्युनिंग फोर्कची (ठरावीक कंपनसंख्येचा धातूचा चिमटा रडारपुढे धरून करायची) चाचणी पास झाली म्हणून निर्धास्त होणारेही भेटतात. फोर्क यंत्राची मोजणी तपासतो. अँटेना कुठे वळली आहे, हे त्याला कळायचं कसं?

एकाच दिशेने जाणाऱ्या गाडीचं गणित वेगळं. तिथे स्वतःच्या वेगात दोन गाड्यांच्या वेगातला फरक मिळवायचा की वजा करायचा, हे बऱ्याच यंत्रांत माणूसच सांगतो. आपण १०० वर असताना १० ने मागे पडणारी गाडी ‘वेगवान’ म्हणून नोंदवली, की ९० चे थेट ११०.