कॉर्डलेस ड्रिल घेताना: घरगुती यंत्र की व्यावसायिक, हे कसे ठरवावे

इंदूरच्या सियागंज बाजारात कॉर्डलेस ड्रिल मागितले की दोन-तीन हजारांचा संच काउंटरवर येतो आणि बारा-पंधरा हजारांचाही. वरवर पाहता दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. निवड करताना आधी आपले काम पाहावे, मग बॅटरी, आणि यंत्राचे रंगरूप शेवटी.

पहिली पायरी म्हणजे येत्या वर्षभरात यंत्राकडून कोणते काम करून घ्यायचे आहे ते कागदावर लिहून काढणे. पडद्याचे दांडे, फोटो, एखादे शेल्फ, कपाटाची ढिली झालेली बिजागरी एवढीच यादी असेल, तर १२ व्होल्टचे साधे यंत्र पुरेसे आहे आणि त्याहून जास्त खर्च करण्याचे कारण नाही. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांतील विटांच्या भिंतीत ६ मिलिमीटरचे भोक हॅमरची, म्हणजे फिरता फिरता धक्के देण्याची, सोय असलेले छोटे यंत्रही पाडते. नव्या इमारतींतील काँक्रीटचे बीम, कॉलम आणि स्लॅब यांत मात्र ते अडते. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून सरकून धक्के देतात आणि जोर आपल्याला लावावा लागतो, तर रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेच्या दाबाने बिटवर (भोक पाडणाऱ्या सळीवर) आघात करतो. म्हणून काँक्रीटचे काम रोजचे असल्यास एसडीएस-प्लस (खाचांच्या दांड्याच्या, दाबून अडकवायच्या) बिटचा रोटरी हॅमरच घ्यावा, आणि वर्षाकाठी दोन-चार भोकेच पाडायची असल्यास वायरचे ड्रिल वापरावे, कारण तेवढ्याच पैशांत ते अधिक ताकद देते.

त्यानंतर खोक्यावरचे आकडे तपासावेत, आणि येथे घाई मुळीच करू नये. लिथियम-आयन सेलचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट असतो. असे ५ सेल ओळीने जोडले की १८ व्होल्ट होतात, पूर्ण चार्जला २१. त्यामुळे '१८ व्होल्ट' आणि '२० व्होल्ट मॅक्स' ही एकाच वर्गातील यंत्रे होत. '४८ व्हीएफ' किंवा '८८ व्हीएफ' असे ठळक छापलेल्या अनेक स्वस्त यंत्रांतही पाचच सेल असतात. याची खात्री दुकानातच करता येते: चार्जर उलटा करून त्यावरील बारीक अक्षरांतील 'आउटपुट' वाचावे. तेथे २१ व्होल्ट लिहिले असेल, तर बॅटरी ४८ व्होल्टची असूच शकत नाही. ग्राहकाला अशा आकड्यांनी भुलवणे मला अतिशय आक्षेपार्ह वाटते. ज्या खोक्यावर व्होल्टच खरे छापलेले नाहीत, त्याच्या इतर दाव्यांवरही विश्वास ठेवू नये.

अँपिअर-अवरचे, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्या आकड्याचेही तसेच आहे. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब अशा प्रचलित सेलची क्षमता साधारणतः २ ते ३ अँपिअर-अवर असते आणि सेल ओळीने जोडल्याने व्होल्ट वाढतात, ही क्षमता वाढत नाही, म्हणून अशा पाच सेलांच्या बॅटरीवर '६ अँपिअर-अवर' छापलेले असल्यास ते खरे नाही. दुकानात वजनकाटा असेल तर बॅटरी त्यावर ठेवावी: पाच सेलांची बॅटरी साधारण ३५० ते ४०० ग्रॅम भरते, दहा सेलांची (पाच-पाचच्या दोन ओळींची, दुप्पट क्षमतेची) ६०० ग्रॅमच्या पुढे जाते.

आता यंत्र हातात घ्यावे. चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्यात, बारीक बिट घट्ट बसवून ट्रिगर हळूहळू दाबावा आणि बिटच्या टोकाकडे पाहावे. टोक फिरताना वर्तुळ काढत असेल तर भोक नेमके पडणार नाही. वेग ट्रिगरच्या दाबाबरोबर सावकाश वाढला पाहिजे, एकदम झटका बसता कामा नये. ब्रशलेस मोटर महाग असते, परंतु तीत झिजणारे कार्बन ब्रश नसतात आणि त्याच बॅटरीवर काम जास्त वेळ चालते. रोज वापरणाऱ्याला तिचे पैसे वसूल होतात, क्वचित वापरणाऱ्याला होत नाहीत.

सुतारकाम, वीजकाम किंवा मॉड्युलर किचनची जोडणी यांवर ज्यांचे पोट आहे, त्यांनी माझ्या मते व्यावसायिक श्रेणीच घ्यावी, आणि घेताना पुढच्या यंत्रांचाही विचार करावा. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्राला बसत नाही. बॉशची हिरवी घरगुती आणि निळी व्यावसायिक अशा दोन श्रेणींच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्यादेखील परस्परांना चालत नाहीत. एकदा बॅटरी आणि चार्जर घेतले की त्याच श्रेणीतील ग्राइंडर किंवा करवत बॅटरीविना, कमी किमतीत घेता येते. सर्व्हिस सेंटर शहरातच आहे का, आणि स्विच, चक व बॅटरी सुटी मिळते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. काम बंद पडले की त्या दिवसाची मजुरी बुडते.

बिल जीएसटीचे, अनुक्रमांकासह घ्यावे आणि घरगुती श्रेणीची वॉरंटी धंद्याच्या वापराला लागू आहे का ते वाचून घ्यावे, कारण पुष्कळदा ती लागू नसते. मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा बॅटरी उन्हातल्या गाडीत ठेवू नये आणि कामावरून गरम झालेली बॅटरी निवल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. चांगले चार्जर तापमान पाहून स्वतःच थांबतात; स्वस्त संचातील साध्या चार्जरमध्ये ही सोय बहुधा नसते, त्यामुळे तो रात्रभर लावून झोपणे टाळावे.