चर्चमध्ये उपासनेला पहिल्यांदा जाताय? मग एवढे शब्द माहीत असू द्या

मित्राच्या बाळाचा बाप्तिस्मा, ऑफिसातल्या कुणाचं लग्न, नाहीतर नाताळ... काही ना काही निमित्ताने आपल्या नाशकात शरणपूर रोडच्या नाहीतर नाशिकरोडच्या चर्चमध्ये जायची वेळ येतेच, आणि मग आदल्या रात्री मला मेसेज येतो, तिथे नेमकं करायचं काय रे?

आधी कुठे जाताय ते बघा. कॅथलिक चर्च असेल तर मिस्सा, आणि ती अर्पण करतात फादर. आमच्यासारखं प्रोटेस्टंट असेल तर उपासना, आणि ती चालवतात पाळकसाहेब. चप्पल काढायची का हे दारात बघून ठरवा, सगळीकडे एक नियम नाही. मागच्या बाकावर बसा, पुढचे उठले की उठा, बसले की बसा, निम्मं काम तिथेच झालं.

गीतं ऐकून दचकू नका, पेटी-तबला असतो, चाल थेट भजनाची वाटते आणि बऱ्याचदा ते असतंच भजन. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी रचलेली कितीतरी भजनं आजही म्हणतात, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. 'आमेन' म्हणजे तसंच असो, 'हालेलूया' म्हणजे परमेश्वराची स्तुती करा, दोन्ही हिब्रू. आणि ख्रिस्त हे येशूचं आडनाव नाही (हे मला खरंच एकाने विचारलंय), मशीहा या हिब्रू शब्दाचं ते ग्रीक रूप, अर्थ अभिषिक्त.

मग पाळकसाहेब म्हणतील, योहान पंधरा, एक ते पाच. आधी पुस्तक, मग अध्याय, मग वचनं. शेजारचा बायबल पुढे करेल तेव्हा पहिल्या पानापासून शोधत बसू नका, मत्तय, मार्क, लूक, योहान ही चार शुभवर्तमानं (येशूचं चरित्र सांगणारी पुस्तकं) नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, सुरुवातीला असतात म्हणजे पुस्तकाच्या बऱ्याच मागे, कारण जुना करार ३९ पुस्तकांचा आणि नवा २७ चा (कॅथलिक बायबलमध्ये एकूण ७३). याच अध्यायात येशू म्हणतो की मी खरा द्राक्षवेल आणि माझा पिता माळी, फळ देणारा फाटा तो छाटतो, का तर अजून फळ यावं म्हणून. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं हो, पण ज्याने दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी बघितलीय, चांगल्या हिरव्या वेलीवर कात्री चालते, दोन दिवस बाग उघडीबोडकी दिसते आणि मग त्याच काडीवर घड निघतो, त्याला वेगळं प्रवचन कशाला!

आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द, वल्हांडण. 'ओलांडणे'चाच हा भाऊ. इस्राएली लोक मिसरात (म्हणजे इजिप्तमध्ये) गुलाम होते, तिथून निघायच्या रात्री त्यांनी कोकरू कापून त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं, आणि ज्या घराला ते रक्त होतं ते घर मृत्यू ओलांडून गेला, म्हणून वल्हांडण सण. पुढे येशूने शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं ते याच सणाला, आणि त्याची आठवण म्हणजे प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षारस. हो, मराठी बायबलमध्ये भाकरच आहे, प्रभूच्या प्रार्थनेतही आपण रोजची भाकरच मागतो.

इथे एक सांभाळा. प्रभुभोजनाला लोक रांगेने पुढे जातात तेव्हा तुम्ही जागेवर बसून राहा, ते फक्त बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, बऱ्याच ठिकाणी दृढीकरणही (म्हणजे कन्फर्मेशन) झालेलं लागतं. माझा एक मित्र प्रसाद समजून रांगेत गेला, घेतला, आणि वर घरच्यांसाठी अजून एक मागितला, मी बाकाखाली तोंड लपवलं. बसून राहण्यात कुणाचाच अपमान होत नाही.

वल्हांडण सण पौर्णिमेचा असल्यामुळे ईस्टरही (येशू पुन्हा उठला तो दिवस) चंद्रावर चालतो, २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेपुढचा रविवार. म्हणून तर २०२३ ला ६ एप्रिलला हनुमान जयंती आणि ७ ला उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे आला होता. त्याच्या आधीचा झावळ्यांचा रविवार जमला तर नक्की बघा, पोरंसोरं झावळ्या हलवत 'होसान्ना' म्हणत येतात. उत्तम शुक्रवारची उपासना मात्र लांबते, वधस्तंभावर (क्रूसावर) येशूने काढलेल्या सात उद्गारांवर एकेक संदेश असतो, डबा नाही पण निदान पाण्याची बाटली ठेवा. आणि त्या दिवशी कुणाला हॅपी गुड फ्रायडे म्हणू नका प्लीज, दुःखाचा दिवस आहे तो.

दानाची थैली फिरेल, टाकायचे तर टाका, नाही तर पुढे द्या, कुणी बघत नाही. संपल्यावर पाळकसाहेब दारात उभे असतात, हात मिळवून नुसतं 'सलाम' म्हणा, आमच्यात तसंच म्हणतात.