गणपतीआधी काकांच्या आयपॉडची बॅटरी: उघडायच्या आधीची तयारी

काकांचा जुना आयपॉड आहे, 30 जीबीवाला, पाचव्या जनरेशनचा म्हणजे 2005 ला निघालेला, आणि त्यात त्यांनी डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यांच्या, कॅसेटी कधीतरी मुंबईत बसून कॉम्प्युटरवर घेऊन भरल्यात, त्या आता कुठे मिळायच्या नाहीत. दरवर्षी गणपतीत चाकरमानी आले की तो बाहेर निघतो आणि दरवर्षी ऐन गजरात मान टाकतो. बॅटरी बदलायचं काम तसं वीस मिनिटांचं, स्क्रू एकही नाही, पण इकडे मालवणात पावसाळ्यात त्याची तयारी दोन दिवस आधीपासून करावी लागते. मी ती न करता एकदा तोंडघशी पडलोय, म्हणून हे.

आधी बॅटरी योग्य आहे का ते बघा. पाठीमागे बारीक अक्षरात ए1136 लिहिलेलं असतं, पण तेवढं बघून ऑर्डर करू नका, कारण 30 जीबीचा पातळ आणि 60, 80 जीबीचा जाडा या सगळ्यांवर तोच नंबर आहे आणि बॅटऱ्या वेगळ्या आहेत. पातळ 11 मिलिमीटर, जाडा 14, म्हणून पाठीवर जीबीचा आकडा किती कोरलाय ते वाचा. जाडी बॅटरी पातळ्यात दाबून बसवायला गेलात तर झाकण लागणार नाही आणि लिथियमची बॅटरी दाबणं हा तर आगीशीच खेळ. मी मागवलेली पहिली अशीच निघाली, विकणाऱ्याने फोनच उचलला नाही. लेबलवर डबल एमएएच, म्हणजे बॅटरीची क्षमता दुप्पट, लिहिलेलं दिसलं तरी हुरळू नका, तेवढ्याच जागेत डबल माल कुठून येणार? आणि हो, लिथियम असल्यामुळे पार्सल बरेचदा विमानाने न येता रस्त्याने येतं, घाटात दरड आली की अडकलं, तेव्हा आषाढातच ऑर्डर टाका.

मग गाणी. बॅटरी बदलली म्हणून गाणी जात नाहीत, पण आत फिरणारी हार्ड डिस्क आहे आणि ती आता म्हातारी झालीय. कॉम्प्युटरला लावून लपवलेले फोल्डर दाखवायची सेटिंग चालू करा, आयपॉड_कंट्रोल नावाच्या फोल्डरात म्युझिक सापडेल, फाइलींची नावं चार अक्षरांची काहीतरी अगम्य असतील, घाबरू नका, गाण्याचं नाव फाइलच्या आत असतं. अख्खं फोल्डर कॉपी करा आणि दोन-चार वाजवून बघा, नुसतं कॉपी झालं म्हणून समाधान मानू नका. हे करतानाच चार्जिंगची रुंद तीस पिनांची केबल तपासली जाते. आमच्या केबलच्या पिनांवर खाऱ्या हवेने हिरवट थर बसलेला, जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासल्यावर चालली, नाहीतर मी दोष बॅटरीलाच दिला असता.

आता दमटपणा. आयपॉड आणि नवी बॅटरी आदल्या रात्री घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. तांदूळ नको, पीठ आणि कोंडा आत जातो. काम उघडीप असलेल्या दिवशी सकाळी, पडवीत नाही तर माजघरात, कारण पडवीत उजेड भरपूर पण वाऱ्याबरोबर तुषार आत येतात. टेबलावर पांढरा कोरडा पंचा अंथरा. जेवणाआधी करा, सोड्यांच्या तेलकट बोटांनी कनेक्टर धरू नये.

हत्यारं फार नाहीत. प्लास्टिकचे दोन ओपनर किंवा गिटारचे पिक, बारीक चिमटा, कापायला जुनं एटीएम कार्ड, दाताचा दोरा आणि तेच अल्कोहोल. सुरी नको. पहिल्या वेळी मी सुरीने उचकटला तर मागच्या चकचकीत पत्र्याची कड अशी वाकली की अजून बोटाला लागते. बॅटरी पाठीच्या पत्र्याला डकवलेली असते, तिथे अल्कोहोलचे दोन थेंब आणि दोरा करवतीसारखा फिरवायचा. हेअर ड्रायर मारू नका आणि चिमट्याचं टोक बॅटरीत घुसवू नका.

मोबाइलवर एक फोटो शोधून ठेवा, आतल्या दोन रिबनींचा, म्हणजे चपट्या केबलींचा. एक बॅटरीची, दुसरी हेडफोनच्या भोकाकडे जाणारी, दोन्ही पाठीला आणि बोर्डाला जोडून असतात, म्हणून क्लिप सुटल्या की लगेच पुस्तकासारखा उघडायचा नाही. बॅटरीच्या कनेक्टरची तपकिरी पट्टी फक्त दोनेक मिलिमीटर वर येते, ती पूर्ण निघत नाही, उपटली तर खेळ खलास.

बॅटरी वीस-पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरवा. होल्डचं, म्हणजे बाकीची बटणं बंद करणारं, बटण लावून ठेवा. पाठ फुगलेली दिसत असेल तर मात्र चार्जिंगला लावूच नका आणि उघडायचा हट्ट सोडून दुरुस्तीवाल्याकडे न्या. बॅटरी पेटलीच तर वर टाकायला शेजारी पातेलंभर सुकी वाळू ठेवायचीच, किनाऱ्यावरची नाही, ती ओली आणि खारट, मिठाच्या पाण्यातून करंट जातो, घराच्या बांधकामातली उरलेली कोरडी घ्या. आईने विचारलं, ‘‘तां पातेलां तुका कित्याक व्हयां?’’ तिला खरं सांगितलं तर पातेलं मिळणार नाही, मी तरी प्रसादाच्या शिऱ्यासाठी म्हटलं.

जुन्या बॅटरीसाठी चिकटपट्टी आणि एक बरणी आधीच काढून ठेवा. टोकांवर पट्टी लावून ती मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. पातेऱ्यात, म्हणजे पालापाचोळ्यात, टाकू नका, आमच्याकडे पातेरा संध्याकाळी पेटवतात.

नवी लावल्यावर पूर्ण चार्ज व्हायला साधारण चार तास जातात, तेवढा वेळ समोर बसा, गरम लागली तर केबल काढा. त्यामुळे दिवस ठरवताना वीज टिकेल असाच ठरवा. आमच्याकडे श्रावणात असा दिवस लाईनमनला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही, मी गुरुवार धरलाय.