मेडिकल सांभाळून बुद्धिबळ: सोलापूरचा काउंटर, एनुगूचा प्रतिस्पर्धी

मेडिकलमध्ये उभं राहणाऱ्याने कामाच्या वेळात घड्याळ लावून बुद्धिबळ खेळू नये. पाच मिनिटांचा ब्लिट्झ सुरू असतो, तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी चिठ्ठी पुढे करतं आणि दोन्हीकडे घोळ होतो. तिकडे वेळ संपून डाव जातो, इकडे ५ एमजीऐवजी १० एमजीची स्ट्रिप हाताला लागते. डाव गेला तर थोडं रेटिंग उतरतं. स्ट्रिप चुकली तर काय होतं, ते फार्मासिस्टला सांगायला नको.

काउंटरवर निभतो तो पत्र-बुद्धिबळाचा प्रकार. एकेका चालीला काही दिवसांची मुदत असते. पूर्वी चाली पोस्टकार्डावर लिहून पाठवत, आता मोबाइलवरून जातात. खेळायला सोलापुरातल्याच सात रस्त्यावरचा मित्रही चालेल, पण समोर दुसऱ्या देशातला फार्मासिस्ट असेल तर चालींसोबत गप्पांनाही विषय मिळतो. आग्नेय नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या मुलखाचं उदाहरण घेऊ. एनुगू, ओनित्शा, न्सुका ही तिथली गावं, आणि न्सुकाच्या विद्यापीठात फार्मसी शिकवतात. नायजेरियाची सरकारी भाषा इंग्रजी असल्याने बोलायची अडचण येत नाही.

वेळेचं गणितही जुळतं. नायजेरिया आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे. आपली दुपारची अडीचची सामसूम म्हणजे तिथले सकाळचे दहा. रात्री साडेनऊला आपण शटर ओढायच्या बेतात असतो तेव्हा तिथे संध्याकाळचे पाच. म्हणून चाल दुपारी ठरवायची आणि रात्री पाठवायची. मधल्या तासांत ती डोक्यात मुरते, आणि घाईत न दिसलेला उंट बरेचदा आठ वाजता आपोआप दिसतो.

लिचेस ही ऑनलाइन बुद्धिबळाची साइट फुकट आहे, जाहिराती नाहीत. डाव सुरू करताना ‘करस्पॉन्डन्स’ निवडून चालीमागे किती दिवस ते ठरवायचं. तीन दिवस ठेवा. एक दिवस ठेवला तर मार्चअखेरच्या स्टॉक मोजणीत डाव वेळेवर हरतो, सात ठेवले तर आपला बेत आपल्यालाच आठवत नाही. अपवाद जानेवारीचा. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत दुकान, घर आणि पाहुणे एकदम अंगावर येतात, तेव्हा पाच किंवा सात घ्या, कारण लिचेसवर सुट्टी टाकायची सोय नाही. एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोन डाव एकदम लावावेत, एक पांढऱ्याने, एक काळ्याने. चारच्या वर डाव गेले की या डावातला धोका त्या डावात शोधणं सुरू होतं.

सेटिंगमध्ये चाल पक्की करण्याआधी विचारणारा पर्याय चालू ठेवा. काउंटरवर अंगठा घसरतो, आणि वजीर एक घर अलीकडे पडला की चाल परत घेता येईल याची खात्री नसते. नोटिफिकेशन दुकानाच्या वेळात बंद. शेड्यूल एच१ची, म्हणजे रजिस्टरमध्ये लिहावी लागणाऱ्या औषधांची, नोंद अर्धी टाकून पट उघडायचा नाही. ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं, डाव नाही.

पुस्तक, ओपनिंगचा म्हणजे सुरुवातीच्या चालींचा डेटाबेस, पटावर मोहरे हलवून बघणं, हे सगळं पत्र-बुद्धिबळात चालतं. इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा प्रोग्राम, चालत नाही, डाव संपेपर्यंत अजिबात नाही. मित्राला विचारून खेळणंही नाही.

आता वहीबद्दल, कारण डाव हातचे जातात ते इथेच. दोन दिवसांनी पट उघडला की आपण जुना बेत पुढे रेटतो, मधे समोरच्याने काय खेळलं ते बघतच नाही. प्रत्येक डावाला अर्धं पान द्या. त्यावर तीन गोष्टी: समोरच्याची शेवटची चाल, त्याची धमकी, आपला बेत. पट उघडल्यावर आधी स्वतःला विचारायचं की आत्ता हललेला मोहरा कोणत्या नव्या घरांवर मारा करतोय आणि कोणतं घर उघडं सोडून आलाय. दुसरा अर्धा प्रश्न लोक विसरतात. पटाचे उभे पट्टे ए ते एच आणि आडव्या रांगा १ ते ८ अशा मोजतात; घोडा एफ६वरून निघाला की एच७चं प्यादं एका राखणदाराला मुकतं, आणि किल्लेकोट केलेल्या राजाची तीच नेहमीची दुखरी जागा. मग दोन-तीन चाली लिहून काढायच्या आणि प्रत्येकीला समोरच्याचं आपल्याला सगळ्यात जड जाणारं उत्तर शोधायचं. पंचवीस सेंटिमीटरचा चुंबकाचा पट ड्रॉवरमध्ये ठेवला तर बरं. ड्रॉवर दिवसात शंभरदा ओढला जातो, साध्या सोंगट्या जागेवर राहत नाहीत.

ओपनिंगची पाठांतरं काउंटरवर होत नाहीत. एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, होतो, कारण मोहरे चार-पाच असतात आणि गिऱ्हाईक येऊन गेलं तरी पट डोक्यात टिकतो. सुरुवात राजा आणि प्याद्यापासून. पांढरा राजा ई५वर, प्यादं ई४वर, काळा राजा ई७वर. दोन्ही राजे समोरासमोर, मधे एकच घर. चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, पांढऱ्याची असेल तर बरोबरी. काळ्याला सरकावं लागलं तर तो डी७ला जातो, पांढरा राजा एफ६वर घुसतो, काळा ई८, पांढरा ई६, पुन्हा समोरासमोर आणि पुन्हा काळ्याची पाळी. तो डी८ला गेला की पांढरा एफ७वर बसतो आणि प्याद्याची वाट मोकळी.

आता तेच प्यादं ई३वर ठेवा, बाकी सगळं तसंच, चाल पांढऱ्याची. प्यादं ई४ खेळलं की मघाचीच स्थिती येते, पण पाळी काळ्यावर जाते आणि पांढरा जिंकतो. शिल्लक ठेवलेल्या एका चालीने बरोबरीचा विजय केला. म्हणून एंडगेममध्ये राजा पुढे, प्यादं मागे. नवा माणूस उलटं करतो, कारण प्यादं ढकलणं सोपं वाटतं. पांढरा राजा सहाव्या रांगेत, प्याद्याच्या एक घर पुढे पोचला, म्हणजे राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८, की मग चाल कुणाचीही असो, पांढराच जिंकतो. फक्त ए आणि एच या कडेच्या पट्ट्यांवर हा हिशोब लागू नाही. तिथे काळा राजा कोपऱ्यात शिरला की डाव बरोबरीत.

चालींइतकाच खालचा चॅट सांभाळावा लागतो. नुसती चाल टाकून मोकळं होणं इग्बो माणसाला कोरडं वाटू शकतं. आधी ‘केडू’, म्हणजे कसं काय, मग बाकीचं. तिथे फार्मासिस्ट नावाआधी ‘फार्म.’ लावतात, डॉक्टर ‘डॉ.’ लावतात तसं. पहिल्या निरोपात तसं लिहिलं तर समोरचा खूश होतो. धंद्याचं बोलायचं तर तिथल्या पेटंट मेडिसिनच्या छोट्या दुकानांबद्दल विचारा. फार्मासिस्ट नसताना ठरावीक साधी औषधं विकायचा परवाना त्यांना असतो. आपल्याकडे केमिस्टच्या काउंटरला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतोच. एवढ्यावर आठवडाभर वाद चालतो.

संस्कृतीचं म्हणाल तर कोला नट हा फार्मासिस्टला जवळचा विषय. त्यात कॅफिन असतं. पाहुण्यापुढे तो आधी येतो, वडीलधारा इग्बोत प्रार्थना करतो आणि मग फोडतात. कोलाला इंग्रजी कळत नाही, असं तिथे म्हणतात. आतल्या पाकळ्या मोजतात, आणि चार निघणं शुभ, कारण इग्बो बाजाराचा आठवडा चार दिवसांचा: एके, ओरिए, आफो, न्क्वो. तिथल्या बाजारांना वारांची नावं आहेत. मंगळवार पेठ, बुधवार पेठ, शुक्रवार पेठ सांगणाऱ्या सोलापूरकराला यात नवल वाटू नये. यामचा विषय निघाला तर ते रताळं नव्हे, कोनफळाच्या कुळातलं कंद आहे. नव्या यामचा सण साधारण ऑगस्टपासून गावोगाव होतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्याआधी नवा याम खात नाहीत. बदल्यात आपण सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांचं आणि अडुसष्ट लिंगांचं सांगावं, शेंगा चटणीचं प्रमाण द्यावं.

काही गोष्टी टाळाव्यात. ऑनलाइन फसवणुकीचे विनोद नकोत, ते त्यांनी पुरेसे ऐकलेत. इग्बो, योरुबा आणि हौसा हे नायजेरियातले वेगवेगळे समाज एकच समजू नयेत. आणि १९६७ ते १९७०च्या बियाफ्रा युद्धाबद्दल, म्हणजे नायजेरियातल्या यादवीबद्दल, समोरच्याने काढल्याशिवाय खोदून विचारू नये.

दोन दिवस उत्तर आलं नाही म्हणून रागावू नका. तिथे वीज वारंवार जाते, आणि जुन्या वीज महामंडळाच्या नावावरून लोक अजूनही ‘नेपाने लाइट नेली’ म्हणतात. मुदतीच्या आधी एक निरोप टाकावा. मुदत संपली आणि डाव आपल्या नावे लागला, तर पुढचा डाव पाच दिवसांचा आणि रेटिंगविना लावा.